ढिलाई नाही म्हणजे बेअरिंग ठीक?
जॅकवर घेतलेले चाक वर-खाली हलवून ढिलाई जाणवली नाही, तर बेअरिंग ठीक समजावे, हे मत मला अर्धेच पटते. बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटी भागात पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्या आमच्या जुन्या फोर-बाय-फोर जीपच्या पुढच्या चाकात ढिलाई अजिबात नव्हती. मात्र स्प्रिंगवर हात ठेवून चाक फिरवताच बारीक खरखर बोटांना लागली आणि हब (चाकाचा बेअरिंग बसणारा मधला भाग) उघडल्यावर ग्रीस ताकासारखे पांढरे झालेले निघाले. तापलेला हब थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि जीर्ण सीलमधून पाणी आत ओढले जाते.

टेपर रोलर बेअरिंग बदलताना जुना कप (बाहेरची कडी) तसाच ठेवून नुसता कोन (रोलरसह आतली कडी) बदलण्याची काटकसर (आमच्याकडे ती सर्रास चालते) करू नये. ढिलाई सापडलीच, तर ब्रेक दाबून चाक पुन्हा हलवावे. तरीही ती उरली, तर दोष बेअरिंगचा नसावा; संशय आधी किंगपिनवर (पुढचे चाक ज्या खिळ्याभोवती वळते त्यावर) घ्यावा.