मदत हवी आहे : वयस्कर आत्यांसह सोलापूर–विजयपूर–बदामी प्रवास

नमस्कार. माझ्या आत्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या असून त्यांना बदामीजवळच्या बनशंकरी या आपल्या कुलदेवीचे दर्शन घ्यायचे आहे. पौष पौर्णिमेच्या जत्रेची गर्दी टाळण्यासाठी आम्ही मार्गशीर्षात सोलापूरहून स्वतःच्या कारने निघणार आहोत. त्यांना गुडघेदुखी आहे आणि दीड तासापेक्षा अधिक वेळ सलग बसवत नाही, त्यामुळे एका दिवसात बदामी गाठण्याचा घरच्यांचा आग्रह मला मुळीच पटत नाही.

विजयपूर सुमारे शंभर किलोमीटरवर असल्याने पहिला मुक्काम तिथे करावा असे वाटते. गोलघुमटाच्या सज्जापर्यंतचे अरुंद जिने त्यांना झेपणार नाहीत. परंतु तळमजल्यावरून घुमट पाहणे आणि इब्राहिम रोजाच्या आवारात निवांत बसणे त्यांना आवडेल. (आत्यांना दगडी कोरीवकामाची भारी हौस!) बदामीच्या लेण्यांनाही पायऱ्या आहेत, म्हणून त्याऐवजी बावीस किलोमीटरवरील, बऱ्याच सपाट आवारातील पट्टदकलची मंदिरे दाखवावीत, असा विचार आहे.

विजयपूर ते बदामी या टप्प्यात कमोडची स्वच्छ सोय असलेले थांबे कोठे आहेत? बदामीत तळमजल्यावर खोली आणि कमी तिखट जेवण कोठे मिळेल? बनशंकरीच्या देवळात गाभाऱ्याजवळ जाताना किती चालावे लागते, आणि व्हीलचेअर घरूनच न्यावी का, हे अलीकडे ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया कळवावे.