नाबोथाचा द्राक्षमळा विसरू नका
नुसत्या मूर्तिपूजेसाठी देवाने इस्राएलच्या उत्तर राज्याला एवढी मोठी शिक्षा, म्हणजे राज्याचा नाश आणि लोकांची हकालपट्टी, का दिली, असा प्रश्न आलाय. मला वाटतं, बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा २१ वा अध्याय वाचल्याशिवाय याचं उत्तर सापडत नाही. या राज्याच्या अहाब राजाला इज्रेलमधला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. वाडवडिलांचं वतन देणार नाही, असं नाबोथाने त्याला तोंडावर सांगितलं. मग ईजबेल राणीने राजाच्या नावाने पत्रं लिहिली, त्यांवर त्याचीच मोहर उठवली, दोन खोटे साक्षीदार उभे करवले आणि नाबोथाला दगडांनी ठेचून मारवलं. शोमरोन या राजधानीत बाल नावाच्या परक्या देवाचं मंदिर बांधणारा हाच अहाब! जमीन देवाची आणि राजाही त्याच्याच नियमाखाली, हा देवाशी असलेला करार एकदा झुगारला की गरिबाला वाली कोण? चपलांच्या एका जोडासाठी तुम्ही गरिबाला विकता, असं आमोस संदेष्टा पुढे कळवळून सांगतो ते याचमुळे. मूर्तिपूजा म्हणाल, तर बेथेल आणि दान इथं या राज्याचा पहिला राजा यराबाम याने पूजेसाठी उभारलेली सोन्याची वासरं अहाबाच्याही आधीची.

शेवटी इ.स.पू. ७२२च्या सुमारास शोमरोन अश्शूरच्या हाती पडलं; हीच ती शिक्षा. २७,२९० माणसं धरून नेल्याचं अश्शूरचा राजा दुसरा सर्गोन शिलालेखात नोंदवतो. त्यांच्या जागी बाबेल, कूथा वगैरे ठिकाणचे लोक आणून वसवले.