फिट समजून ईसीजी राहून जातो

वर ज्या ताईंनी लिहिलंय की मुलगा पळताना दोनदा कोसळला, ईईजी (मेंदूची तपासणी) नॉर्मल तरी फिटचं औषध चालू केलं, त्यांना अगदी कळकळीने सांगते, आधी ईसीजी (हृदयाच्या ठोक्यांची पट्टी) काढून घ्या, ठोके बिघडून कोसळणंही फिटसारखंच दिसतं. माझ्या भाचीचं हेच झालं, दीड वर्ष फिटच्या गोळ्या, मग एकदा शाळेची घंटा कानाशी वाजली आणि ती वर्गातच पांढरीफटक होऊन पडली तेव्हा कुठे ईसीजी झाला. लाँग क्यूटी निघालं, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुन्हा चार्ज व्हायला जास्त वेळ घेतं, तिचा क्यूटीसी, म्हणजे ईसीजीवरचं त्याचं माप, ५०० मिलिसेकंदांच्या वर, बराच जास्त होता. आता प्रोप्रॅनोलॉल (हृदयाचे ठोके आवरणारं औषध) चालू आहे, एकही डोस चुकवत नाही.

पण पट्टी नॉर्मल आली म्हणून गप्प बसू नका, सीपीव्हीटीमध्ये (पळताना किंवा घाबरल्यावर ठोके बिघडवणारा दुसरा आजार) झोपवून काढलेला ईसीजी स्वच्छ येतो आणि ट्रेडमिलवर पळवलं की गडबड दिसते, त्यामुळे मुलांच्या हार्ट स्पेशालिस्टकडे स्ट्रेस टेस्टचं विचाराच. आईबाबा, भावंडं सगळ्यांचे ईसीजी काढा, हे बऱ्याचदा घराण्यात चालत येतं. जन्मतः ऐकू न येणारं मूल असेल तर त्याचा नक्कीच, लाँग क्यूटीच्या एका प्रकारात बहिरेपणही असतं. आणि लाँग क्यूटी निघालं तर अझिथ्रोमायसिनसारखं साधं अँटिबायोटिकसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, त्याने क्यूटी आणखी लांबू शकतो, आम्ही तिच्या फाइलवर लाल पेनाने लिहून ठेवलंय.