मदत हवी आहे: एकच पी-व्हॅल्यू ०.०३ आली, तिच्यावर किती विसंबायचं?

नमस्कार मंडळी. प्रबंधासाठी गुडघेदुखीच्या रुग्णांचे दोन गट केलेत, प्रत्येकी ४०. एका गटाला नेहमीचा व्यायाम दिला, दुसऱ्याला नवा. एकूण २० मोजमापं तपासली. फक्त गुडघा वाकण्याच्या कोनात पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ या नेहमीच्या मर्यादेखाली, म्हणजे ०.०३ आली. मार्गदर्शक म्हणतात, तेवढंच लिही, बाकीचं सोडून दे.

मला हे अजिबात पटत नाही. २० स्वतंत्र चाचण्यांत खरा फरक कुठेच नसला, तरी निदान एक निकाल ‘लक्षणीय’ (०.०५ च्या खाली) निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. माझी मोजमापं एकमेकांशी निगडित आहेत, त्यामुळे आकडा तंतोतंत लागू होणार नाही, पण धोका आहेच. बॉनफेरोनी दुरुस्ती (०.०५ ला चाचण्यांच्या संख्येने भागायचं) लावली तर मर्यादा ०.००२५ वर येते आणि हाती काहीच उरत नाही.

शिवाय फरक आहे ४ अंशांचा, आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकेल तो पल्ला) ०.४ ते ७.६. म्हणजे खरा फरक जेमतेम अर्ध्या अंशाचाही असू शकतो. अर्ध्या अंशाने रुग्णाला काय फरक पडणार?

सगळे २० निकाल इंटरव्हलसकट देऊन ‘हे प्राथमिक निरीक्षण आहे’ असं लिहिलं तर परीक्षक मान्य करतात का? कुणाचा अनुभव?

आणखी एक. गट चिठ्ठ्या टाकून पाडले, पण रुग्ण जे स्वतःहून आले तेच घेतले. मग हा निष्कर्ष गुडघेदुखीच्या सगळ्याच रुग्णांना लावता येईल का? अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनचं पी-व्हॅल्यूवरचं २०१६ चं निवेदन वाचलंय, तरी इथे अडकलोय.