ज्याच्यावर जीव जडतो त्याच्यावरच संशय: रोमँटिक थ्रिलर वाचतानाचे तुमचे अनुभव

सांजवेळ
आत्ता भाचीचा मेसेज आला. "मावशी, हा मॅक्सिम चांगला आहे की वाईट? फक्त एका शब्दात सांग." पहिल्यांदाच डॅफ्ने द्यू मोरियेची 'रिबेका' वाचतेय ती, त्यातला नायक हा मॅक्सिम. मी अजून उत्तर दिलेलं नाही, एका शब्दात मावेना.

कॉलेजात वाचली तेव्हा मी त्याच्या बुजऱ्या दुसऱ्या बायकोत पार शिरले होते. (तिला अख्ख्या कादंबरीत नाव नाही, हेही मला नंतर कुणीतरी सांगितलं!) पहिली बायको रिबेका, आता हयात नाही, पण इतकी सुंदर, इतकी हुशार, घरभर तिच्याच वस्तू. ही बिचारी आपल्याच घरात पाहुणी. आणि मग तो सांगतो की रिबेकावर माझं प्रेम कधी नव्हतंच, मीच तिला गोळी घातली. त्या पानावर मला काय वाटलं असेल? हुश्श! प्रेम नव्हतं ना तिच्यावर, मग झालं तर. खुनाचं काय ते नंतर बघू. त्या नायिकेलाही नेमकं तेच वाटतं आणि तिथून आपण दोघी मिळून त्याला फासावरून वाचवायच्या मागे लागतो.

आता वाचताना त्याच पानावर अंगावर काटा येतो. रिबेका कशी होती हे आपल्याला सांगतं कोण? बहुतेक तोच! तिची बाजू मांडायला ती कुठेय?

तुमचं असं कुणाबाबत झालंय का? लिहा. पुस्तक कुठलंही चालेल.

चष्मिष्ट
ताई!!! स्पॉयलर!!! माझी वाचायची राहिली होती ना 😭

सांजवेळ
अरे 1938 ची कादंबरी आहे. अजून किती वर्षं थांबायचं होतं आम्ही?

निवांत
आता फुटलंच आहे तर पुढचं ऐका. हिचकॉकच्या 1940 च्या सिनेमात तो गोळी घालतच नाही. ती पडते, डोक्याला लागतं आणि मरते. तेव्हा हॉलिवूडची आचारसंहिता होती, बायकोचा खून करणारा मोकळा सुटलेला दाखवायचा नाही. नायकाला तर वाचवायचंय, मग खूनच रद्द केला. म्हणजे पुस्तकात आपल्याला जे पचवावं लागतं ते सिनेमाने पानातून काढूनच टाकलं. तरी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं त्याला. हिचकॉकला मात्र दिग्दर्शनाचं ऑस्कर आयुष्यात मिळालं नाही, हे जाता जाता.

चष्मिष्ट
सिनेमाचाही शेवट सांगा आता, तेवढाच राहिलाय.

ऊनसावली
माझा अनुभव ऑडिओबुकचा. वाचणाऱ्या बाईंनी मोठ्या हौसेने प्रत्येक पात्राला वेगळा आवाज दिला होता. नायिकेला निनावी फोन येत असतात आणि तो फोनवाला 'र' जरा ओढून बोलतो. पुढे नायकाचा जिवलग मित्र आला तो 'र' ओढतच! झालं. राहिलेलं सगळं पुस्तक मी "अगं बये, त्याच्या गाडीत बसू नकोस" करत ऐकलं. भांडी घासता घासता मोठ्याने म्हणत होते, घरचे येऊन बघून गेले.

गबाळ्या
😂😂 प्रर्रर्रचंड आवडलं

ऊनसावली
तूच तो. पकडला.

टिवल्याबावल्या
मला मॅक्सिमचं काही सोयरसुतक नाही, मला त्याच्या घरची कारभारीण मिसेस डॅन्व्हर्स हवी. तो नाचाच्या समारंभाचा प्रसंग आठवा. हीच बाई गोड बोलून सुचवते, भिंतीवरच्या त्या चित्रातल्यासारखा पोशाख करा. ही पोरगी कुणाला न सांगता शिवून घेते, विग लावते, ढोल वाजवायला लावते आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहते, आता सगळे वाहवा करतील म्हणून. खाली सगळे गार. रिबेकाने तिच्या शेवटच्या समारंभात नेमका तोच वेश केलेला असतो. ना रक्त, ना सुरा, पण मला तेव्हा पुस्तक मिटून ठेवावं लागलं होतं. बाळ उठलं, नंतर लिहिते.

कागदी होडी
ई-बुकवर खाली टक्के दिसतात त्याने माझं वाटोळं केलंय. साठ टक्क्यांवर कुणाला अटक झाली की समजायचं, हा नव्हे. नव्वदला दोघं हातात हात घालून समुद्रकिनारी फिरत असले की माझ्या पोटात गोळा, कारण अजून दहा टक्के उरलेत, ते काय नुसते फिरणार आहेत? आता टक्के बंदच करून टाकलेत.

गबाळ्या
आमच्या घरी सौ. शेवटचं प्रकरण आधी वाचतात. म्हणतात, दोघं जिवंत आहेत ना बघू दे, मग निवांत घाबरता येतं.

कागदी होडी
वहिनींना दंडवत 🙏

अबोली
जरा वेगळं लिहितेय. अबोल, मध्येच तिरसटणारा, भूतकाळाबद्दल अवाक्षर न काढणारा नायक मला फार आवडायचा. वाटायचं, याच्या आत काहीतरी खोल आहे, आपण ते शोधायचं. असल्याच एकाशी लग्न केलं. पुस्तकात तो गप्प असला की पुढच्या पानावर काहीतरी उलगडतं. घरात काही उलगडत नाही, आपण नुसते त्याच्या चेहऱ्याकडे बघून बोलायचं की नाही ते ठरवत राहतो. आता वेगळी राहते, बरी आहे. थ्रिलर अजूनही वाचते, पण नायिका त्याच्या मूडचा अंदाज घेत दाराशी घुटमळायला लागली की मला खुनापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते.

सांजवेळ
अबोली, किती नेमकं लिहिलंस गं. बरी आहेस हे वाचून बरं वाटलं.

ऊनसावली
❤️ अबोली

निवांत
+1. यावरून 'जेन एअर'. 1847 ची. माळ्यावर कोंडलेली बायको असताना नायकसाहेब दुसरं लग्न करायला निघतात आणि पिढ्यानपिढ्या वाचक साहेबांसाठी हळहळतात. 1966 मध्ये जीन ऱ्हीसने 'वाइड सारगॅसो सी' लिहून त्या कोंडलेल्या बाईलाच बोलतं केलं. तिचं मूळ नाव तिथे अँटोइनेट आहे, नवरा तिला बर्था म्हणू लागतो. सांजवेळ, रिबेकाचीही बाजू अशी कुणी लिहायला हवी ना?

सांजवेळ
हो ना. पण गंमत बघ, रिबेकाची बाजू कळली तर आपली ती बिननावाची पोरगी पार उघडी पडेल. सगळं माहीत असूनही ती त्याच्याबरोबर राहते. तिच्याबद्दल आपण कधी प्रश्नच विचारत नाही.

गबाळ्या
विषय सोडून: ऑडिओबुकसाठी इयरफोन कुठले चांगले? माझा डावा सारखा पडतो.

ऊनसावली
वायरवाले घे, निदान पडले तरी गळ्यात राहतात.

टिवल्याबावल्या
बाळ झोपलं. काय सांगत होते? हां, डॅन्व्हर्स. जाऊ दे, आता मलाच झोप येतेय.

चष्मिष्ट
बरं, मी आधी पुस्तक वाचू की सिनेमा बघू?

निवांत
पुस्तक. खुनी कोण ते तर कळलंच आहे तुला.

चष्मिष्ट
😑 वाचतो. पण ते घर कोण जाळतं हे कृपा करून कुणी सांगू नका.

कागदी होडी
घर जळतं???