मदत हवी आहे: चर्चच्या वळचणीखालच्या कोरीव दगडांना मराठीत काय म्हणावं?

इंग्लंडच्या हेरफर्डशायरमधल्या किलपेक या खेड्यातलं छोटं चर्च साधारण ११४० च्या सुमाराचं, लाल वालुकाश्माचं आहे. मराठी ज्येष्ठांच्या गटाला ते दाखवायचंय, म्हणून दोन पानी माहिती लिहितेय.

दक्षिण दरवाजावर जीवनवृक्ष कोरलाय, ते सांगणं सोपं. अडलंय ते छपराच्या वळचणीखाली भिंतीतून ओळीने पुढे आलेल्या दगडांपाशी, इंग्रजीत कॉर्बेल. आजही ८५ शिल्लक आहेत. एकावर कुत्रा आणि ससा शेजारीशेजारी, इतके गोड की बघतच राहावं! या चर्चची खरी श्रीमंती हीच, त्यामुळे नुसतं 'नक्षी' म्हणून सोडवत नाही.

'कीर्तिमुख' लिहून पाहिलं, पण ते ठरावीक उग्र मुख. इथे प्राणी, माणसं, सगळंच आहे. 'हस्त' म्हटलं तर मंदिराच्या खांबाचा माथा डोळ्यांपुढे येतो. शब्दकोशातला 'तोडा' वाचणाऱ्याला पायातला वाटेल.

लांबलचक संस्कृत शब्द नको, वाचणारे सत्तरीचे आहेत आणि कागद हातात धरून वर बघणार आहेत. वेदीच्या भागाला 'गाभारा' म्हणायचं मी टाळलंय, कारण अर्थ बदलतो.

गवंडीकामात किंवा वाड्यांच्या बांधणीत भिंतीबाहेर आलेल्या अशा आधाराच्या दगडाला तुमच्याकडे काय म्हणतात?