'सन्स ऑफ अनार्की', तिसरा सीझन : कथा बेलफास्टला नेली ते बरोबर की चूक?

सांजवेळ

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांनी इथेच थांबावं. शेवटासकट सगळं लिहिणार आहे.

'सन्स ऑफ अनार्की' या अमेरिकी टीव्ही मालिकेचा विषय निघाला की तिसऱ्या सीझनला नावं ठेवणं ठरलेलंच. रेंगाळलाय, आयर्लंडात भरकटलाय, मोटारसायकली कमी आणि रडारड जास्त. मला मात्र सातही सीझनमध्ये हाच सगळ्यात उजवा वाटतो.

आठवण म्हणून थोडं मागचं. कॅलिफोर्नियातलं चार्मिंग हे काल्पनिक गाव आणि तिथला बंदुकांच्या तस्करीवर चालणारा मोटारसायकलवाल्यांचा क्लब. जॅक्स टेलर हा त्यातला नायक. एटीएफ या शस्त्रांच्या तस्करीवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याची अधिकारी स्टाल एका तरुणाचा खून करते आणि तो जेमाच्या, म्हणजे जॅक्सच्या आईच्या, माथी मारते. त्या तरुणाचा बाप कॅमरन हेझ आयआरए या आयर्लंडातल्या सशस्त्र संघटनेचा माणूस. तो सूड म्हणून जॅक्सचं तान्हं बाळ, एबल, उचलून उत्तर आयर्लंडातल्या बेलफास्टला नेतो. २०१० च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये आलेले तिसऱ्या सीझनचे १३ भाग म्हणजे त्या बाळाचा शोध.

आता मुद्दा. बेलफास्टच्या बाजारात जॅक्सला एबल दिसतो. ज्या जोडप्याला तो दत्तक दिलाय ते त्याला घेऊन निवांत हिंडतंय. यासाठी जॅक्सने समुद्र ओलांडलाय, माणसं मारलीत. बाळ हाकेच्या अंतरावर आहे. आणि तो मागे फिरतो. या मुलाला आपल्यापासून दूरच चांगलं आयुष्य मिळेल, हे त्याला त्या क्षणी स्वच्छ दिसतं. सबंध मालिकेत जॅक्स एवढा खरा बाप दुसरीकडे कुठेही वाटत नाही. चार्मिंगमध्ये हे घडलंच नसतं. तिथे क्लब, आई आणि सावत्र बाप क्ले त्याला विचार करायला सवडच देत नाहीत.

खडूसकाका

प्रसंग चांगला आहे, मान्य. पण पुढे काय होतं ते तुम्ही गाळलंत. आयआरएचा जिमी ओ'फेलन त्या जोडप्याला मारून टाकतो आणि बाळ ताब्यात घेतो. म्हणजे जॅक्सने घेतलेला एकमेव कठीण निर्णय लेखकांनी लगेच पुसून टाकला. मूल सोडून दिल्याचं ओझं त्याला आयुष्यभर वागवावं लागलं असतं तर मी उभा राहून टाळ्या वाजवल्या असत्या. इथे त्याला त्यागाचं पुण्यही मिळालं आणि मूलही मिळालं. ही पळवाट आहे.

बाकी ट्रिनिटीचं प्रकरण. ती सावत्र बहीण आहे हे माहीत नसताना जॅक्स तिच्या जवळ जातो आणि ऐन वेळी दोघांच्या आया दारात उभ्या! हे कशासाठी होतं ते कुणीतरी समजावून सांगा.

सांजवेळ

काका, ट्रिनिटीवर माझ्याकडे उत्तर नाही, तो धागा नसता तर बरं झालं असतं. पण जोडप्याबद्दल पटत नाही. त्या दोघांचा दोष एवढाच की टेलर घराण्यातलं मूल त्यांच्या घरी आलं. जॅक्स दूर राहिला तरी त्याचं जग त्या बाळाच्या मागे जातंच. यात सुटका कुठे आहे?

लगानवासी

मी बेलफास्टमध्ये राहतो. माझी तक्रार वेगळी आहे. इथे मोहल्ल्या-मोहल्ल्यांमधून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्या वेगळ्या ठेवणाऱ्या उंच भिंती, 'पीस वॉल', गेल्या आहेत, काही ठिकाणची फाटकं अजून रात्री बंद होतात. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर हिंसाचार बराच निवला, पण कोण कुठल्या बाजूचा हे लोक विसरलेले नाहीत. मालिकेत यातलं काय आहे? आयआरए म्हणजे बंदुका विकणारी एक टोळी, एवढंच. करारानंतरही शस्त्रं न टाकणारे गट नेमके का तसे वागले, त्यांच्या घरातल्यांना काय वाटलं, याचा पत्ताच नाही. फादर ॲशबीच्या तोंडी थोडंसं येतं, तेही चर्चच्या मेणबत्त्यांपुरतं. त्यातून बरंचसं चित्रीकरण कॅलिफोर्नियातच केलेलं, ते इथल्या माणसाला लगेच कळतं. उच्चारांबद्दल तर बोलायलाच नको. ट्रिनिटीची आई मॉरीन झालेली पॉला माल्कमसन मूळची बेलफास्टची, म्हणून ती बोलते तेव्हा कानाला बरं वाटतं आणि बाकीच्यांचं जास्तच खटकतं. दुसऱ्यांचं दुःख पार्श्वभूमीला टांगायचं असेल तर निदान ते नीट बघावं.

दुचाकीस्वार

लगानवासी, तुमचं राजकारणाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. तरीही मी सांजवेळ यांच्या बाजूने, आणि ते शेवटच्या भागासाठी.

जॅक्सने स्टालशी सौदा केलाय, क्लबला फसवलंय, असं आपल्याला दाखवतात. स्टाल सगळ्यांसमोर ते फोडते. क्लबमधले भाऊ त्याच्यावर तुटून पडतात. मग कळतं, सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. तिकडे रस्त्यावर क्लबचाच चिब्ज जिमीला सुऱ्याने संपवतो. चिब्जच्या गालांवरचे व्रण कथेत जिमीनेच दिलेले आहेत (टॉमी फ्लॅनगनच्या चेहऱ्यावरचे व्रण खरे आहेत, ग्लासगोत त्याच्यावर हल्ला झाला होता). आणि जॅक्सचा मित्र ओपी स्टालच्या गाडीत मागच्या सीटवर बसतो. तिला हात स्टिअरिंगवर ठेवायला लावतो. पहिल्या सीझनमध्ये त्याची बायको डॉना अशीच गाडी चालवताना मागून गोळ्या लागून मेली. ओपी एटीएफला फुटला असा संशय स्टालने पेरला, म्हणून तो हल्ला ओपीसाठी होता आणि बळी डॉना गेली. दोन सीझन वाट बघायला लावून असा हिशेब चुकता करणारी मालिका मी तरी क्वचितच पाहिलीय.

खडूसकाका

पण प्रेक्षकाला मुद्दाम अंधारात ठेवून! जॅक्स एकटा असताना, कुणी बघत नसतानाही त्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणा दाखवलाय. तो कुणासाठी? कॅमेऱ्यासाठी. पात्राने पात्राला फसवावं, लेखकाने मला फसवू नये.

दुचाकीस्वार

दुसऱ्यांदा बघा. त्याला अपराधी वाटायला कारणं कमी नाहीत. प्रेयसी टाराला धोक्यात घातलंय, बाळामुळे दोन निष्पाप जीव गेलेत, वर तुरुंगात जायचंय. ती गद्दारीची खंत असं आपण धरून चाललो.

ऋता_म

तुम्ही सगळे जॅक्सवर बोलताय, जेमा कुठे गेली? अनाथालयात एका तान्ह्या बाळावर बंदूक रोखून ती सिस्टरकडून दत्तक जोडप्याची माहिती काढते. नातवासाठी जीव टाकणारी आजी दुसऱ्याच्या लेकरावर पिस्तूल धरते आणि केटी सेगलच्या चेहऱ्यावर क्षणभरही चलबिचल नाही. या सीझनसाठी तिला जानेवारी २०११ मध्ये गोल्डन ग्लोब मिळाला, तो रास्तच. सांजवेळ, तुमच्या बाजारातल्या प्रसंगाला या प्रसंगाशेजारी ठेवा. एबलचा पत्ता जेमाने असा मिळवला आणि तिच्या मुलाने, जॅक्सने, एबल हाताशी असून सोडून दिला. दोघांमधला फरक इथेच पडला होता. आणि शेवटी टारा जॅक्सच्या मेलेल्या बापाची, जॉन टेलरची, जुनी पत्रं वाचते, ज्यात त्याला आपल्या मरणामागे जेमा आणि क्ले असतील अशी शंका आहे. ती पत्रं मॉरीनकडची, म्हणजे बेलफास्टचीच. ती आली नसती तर चौथ्या सीझनला सुरुवात कुठून केली असती?

खडूसकाका

पत्रं टपालानेही येतात, ताई. त्यासाठी अख्खा क्लब विमानात घालायची गरज नव्हती.

ऋता_म

मॉरीनने ती जॅक्सला बघितल्यावर दिली, काका. न भेटलेल्या पोराला तिने ती कधीच पाठवली नसती. इतकी वर्षं पाठवली नव्हतीच.